मुरूम आणि माती

विहीर खणतांना वर माती, तिच्या खालीं मुरूम, मुरमांत अडकलेले गोल गोटे आणि तळाशीं सुरुंगावांचून न हालणारा काळा पाषाण, हा क्रम वाचकांनीं पुष्कळदां पाहिला असेल. हे चार निराळे पदार्थ नसून बहुधा एकाच खडकाच्या चार अवस्था होत.

देशावरील हा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून आलेला लाव्हारस थिजून झाला. थिजतांना तो आकसला व त्यास भेगा पडल्या. त्याच भेगांतून पाणी आंत शिरतें. आपण उच्छ्वासाबरोबर जो कर्बाम्ल वायु टाकतों, तो मुळेंहि टाकतात. त्यामुळें मातींत तो बाहेरील हवेच्या अनेक पट सांठतो व पाण्यास किंचित् आंबटपणा आणतो. असें पाणी दगडांतील चुना हळूहळू विरघळवून नेतें. उरलेल्या द्रव्यांची चिकणमाती बनते, आणि लोहास गंज चढून मुरूम पिवळट-तांबूस दिसतो. धोंड्याच्या कोपऱ्यांवर ही झीज एकदम दोन-तीन बाजूंनीं होते. म्हणून तो कांद्यासारखे पापुद्रे टाकीत गोल होतो.

पाऊस जसा, तशी माती. कोंकणांत शंभर इंचांवर पाऊस चुना धुवून नेतो व लोहयुक्त जांभा उरतो. सोलापुराकडे तीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस. तेथें चुना खालच्या थरांत चुनखडी होऊन राहतो, आणि फुगणारी, भेगाळणारी काळी जमीन तयार होते.

उतारावरील हलक्या रानांत खोल नांगरून मुरूम वर काढला कीं नवी माती मिळाली, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. मुरमांत चुना आहे, थोडा स्फुरदहि आहे. नत्र मात्र जवळजवळ नाहीं. तो जीवजंतूंनीं व पालापाचोळ्यानें सांठविलेला, वरच्या थरांतला. इंचभर माती बनण्यास कित्येक शतकें लागतात. एकरावर तिचें वजन सुमारें १३० टन भरतें, आणि उघड्या उतारावरून ती थोड्याच वर्षांत ओढ्यास मिळूं शकते. ओढ्याकांठच्या मळईची खोली बव्हंशीं वरच्या शेजाऱ्यांच्या मातीची आहे, हें मळईवाले क्वचितच बोलून दाखवितात! मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला, तोहि ही धूप थांबविण्याकरितांच.

तेव्हां आधीं उतारास आडवे बांध घालावे व नांगरटहि आडवीच करावी. तत्पूर्वीं कुदळीनें तीन-चार ठिकाणीं खणून मुरूम किती खोलीवर लागतो तें पाहावें; वीतभरावर लागल्यास तेथें खोल नांगर घालूं नये.