गार्टर सर्पाचें पालन व आपल्या बांधावरील नानेटी

अमेरिकेंत कुत्रें-मांजर पाळावें त्याप्रमाणें कांहीं लोक हौसेनें साप पाळतात, हें ऐकून आपल्याकडील शेतकऱ्यास नवल वाटेल. नवशिक्याच्या हातीं पुष्कळदां प्रथम येतो तो गार्टर नांवाचा सर्प. त्याच्या अंगावरील लांबट पट्टे मोजे बांधण्याच्या जुन्या पट्ट्यांसारखे दिसतात, म्हणून हें नांव पडलें. हा सर्प आपण पाळावा असें सुचविण्याचा हेतु नाहीं. परंतु त्याचें पालन कसें होतें हें समजून घेतल्यास आपल्याच शेतांतील एका निरुपद्रवी जीवाची ओळख पटते.

गार्टर सर्प कॅनडापासून मध्य अमेरिकेपर्यंत आढळतो. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतीं नार्सिस येथें हजारों सर्प चुनखडीच्या भेगांत, जेथें गोठण पोहोंचत नाहीं अशा खोलीवर, एकत्र हिवाळा काढतात व एप्रिलअखेर आणि मे महिन्यांत बाहेर पडतात. तो अंडीं घालीत नाहीं. मादी जिवंत पिलें देते.

पाळणारा त्यास कांचेच्या पेटींत ठेवितो. झांकण घट्ट बसलें पाहिजे, कारण बोटभर फटींतूनही तो निसटतो. पेटीची एक बाजू सुमारें ३० अंश सेल्सिअस ऊन व दुसरी थंड ठेवावी लागते. सापाचें रक्त स्वतः तापत नाहीं, म्हणून ऊन-सांवलीची निवड त्याजवर सोंपवावी लागते. लपण्यास आडोसा व पाण्याचें पसरट भांडें हवें. पिलांस आठवड्यांतून दोनदां, मोठ्यास एकदां खाणें पुरतें.

खाण्यांतच खरी खुबी आहे. गांडुळें, मासे व बेडूक हें त्याचें मूळ अन्न. तथापि कांहीं जातींच्या माशांत, उदाहरणार्थ गोल्डफिशमध्यें, ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारें द्रव्य असतें; असे मासे सतत दिल्यास सर्पास झटके येऊन तो मरतो. आपल्या वाचकांस अधिक मनोरंजक गोष्ट पुढें आहे. गांडूळखताच्या खड्ड्यांत आपण सोडतों तें तांबडें ‘आयसेनिया फेटिडा’ जातीचें गांडूळ या सर्पास अपायकारक ठरतें. डिवचलें असतां तें पिंवळट, दुर्गंधी रस सोडतें. गांडूळ म्हणजे सर्व एकच, ही समजूत येथें चालत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. पावसाळ्यांत बांधावर, विहिरीच्या कडेस वा भाताच्या खाचरांत दिसणारी नानेटी ही गार्टरचीच दूरची भाऊबंद होय. रंग मातकट, पाठीवर दोन पिंवळसर रेघा शेपटीपर्यंत गेलेल्या, लांबी बहुधा हात-दीड हात. ती दिवसा फिरते, मुख्यतः बेडकांवर जगते आणि, गार्टरप्रमाणें नव्हे, तर अंडीं घालते. पेटींत जें पैसे खर्चून करावें लागतें, तेंच दगडी ताल, ओलसर पालापाचोळा आणि एखादें डबकें यांनीं बांधावर फुकट होतें. ताल सिमेंटानें लिंपून टाकल्यास आडोसा गेलाच.

घरीं आणून ती पाळावी काय? मुलांची हौस असली तरी नाहीं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें आपल्याकडील रानटी साप धरणें, बाळगणें वा मारणें गुन्हा आहे. महसुली नोकरींत सर्पदंशानें मृत झालेल्यांच्या वारसांचे अर्ज माझ्या हाताखालून गेले. साप हाताळण्यास गेलेल्या माणसाचें नांव त्यांत एकदांच नव्हे, अनेकदां आलें. एका अभ्यासांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावल्याचा अंदाज निघाला आहे.

ओळखीसाठीं एवढें ध्यानांत असावें कीं, नानेटीच्या रेघा लांबीच्या दिशेनें असतात, तर मण्यारीच्या काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात व ती रात्रीं फिरते. नाग, घोणस व फुरसें हे दुसरे तीन प्राणघातक. परंतु रेघा पाहून हात लावण्याचें धाडस कोणीं करूं नये; ही खूण दुरून पाहण्यापुरती आहे.

धामण गाईचे पाय बांधून दूध पिते, ही गोष्ट वडीलधारे सांगतात. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढण्याजोगी नसतेच. ती गोठ्यांत येते उंदरांमागें, आणि धान्याच्या कणगीस तिच्याइतकी स्वस्त राखण दुसरी नाहीं.

दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां, जखम न कापतां, न चोखतां, अंगठ्या-कडीं काढून अवयव स्थिर ठेवावा व रोग्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयीं थेट न्यावें. घरांत साप शिरल्यास काठी शोधूं नये. दुरून नजर ठेवावी व वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें.