चप्पल वाफ्यात राहिली

डाव्या पायातली चप्पल अद्रकीच्या वाफ्यात राहिली आणि मी तसाच पंधरा-वीस पावलं पुढे गेलो. मागून बायकोनं हाक मारली तेव्हा खाली पाहिलं. तळव्याखाली ढेकळं होती आणि ती मला टोचत नव्हती.

त्याआधीचे आठ दिवस मला सांगायचे आहेत. फुलंब्रीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावात काय, कंबर धरलेला माणूस याच वाटेनं जातो.

फेब्रुवारीत काढणी चालू होती. कुदळीनं वाफा उकरायचा, कंदाची माती झटकायची, पोतं भरायचं, टेम्पोत टाकायचं. वाकून एका झटक्यात भरलेलं पोतं उचललं आणि कमरेत असं काही करकरलं की सरळच होता येईना. सगळे म्हणाले, उसण भरली. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा. मागच्या गल्लीतल्या आजी पायाळू. त्यांनी तीन सकाळी माझ्या कमरेला हलकेच पाय लावला. त्यानं दुखणं गेलं नाही, पण वाढलंही नाही. त्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही.

चौथ्या दिवशी मालीशवाले मामा आले. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, हाताला खरोखर गुण. लसूण-ओवा कडकवलेलं करडईचं तेल त्यांनी कमरेत जिरवलं आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी मात्र कमरेतली कळ कुल्ल्यातून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरली, विजेचा झटका बसावा तशी. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "नस चढलीय भाऊ, उतरवू." कालच्यासारखी झोप यावी म्हणून मीच म्हणालो, "अजून जोर लावा." तिसऱ्या दिवशी ते माझ्या पाठीवर उभे राहिले.

त्यानंतर दोन दिवसांनी ती चप्पल वाफ्यात राहिली. त्याच संध्याकाळी लघवीला बसलो, पोट तटतटलं होतं, पण धार येईना. सायकलच्या सीटवर शरीराचा जो भाग टेकतो तो पार बधिर झाला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. रात्रभर तसाच कुशीवर पडून राहिलो. सकाळी बायकोनं घामेजलेला चेहरा पाहिला, खोदून विचारलं आणि मला गाडीत घातलं. फुलंब्रीहून संभाजीनगर पंचवीसेक किलोमीटर. पण रात्रीचे ते दहा तास मी घरातच घालवले होते.

एमआरआयमध्ये दिसलं की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जातंतूंच्या झुबक्यावर बसली आहे. हा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा खाली लोंबतो. लघवी, शौच, पायांची ताकद, सगळं त्यातून जातं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मालीशनं झालं का? ते म्हणाले, गादी बहुधा पोत्यानंच सरकली. पाठीवर उभं राहिल्यानं किती भर पडली ते आता सांगता येणार नाही. पण लघवी अडली की तास मोजायचे असतात, दिवस नाही, आणि तुमचे तास वाया गेले. लघवी सुरळीत झाली. डावं पाऊल मात्र अजून पूर्ण उचलत नाही.

पुढे फिजिओथेरपिस्ट ताईंनी मालीश करायचं म्हटलं तेव्हा मी खाटेवर आकसून गेलो होतो. त्यांनी हात लावण्याआधी दहा मिनिटं नुसतं विचारलं. कळ कुठून कुठे जाते, मुंग्या कुठे येतात, ताप आहे का, साखर आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, लघवी-शौचाचं भान आहे का. मग टाच आणि अंगठा उचलायला लावून ताकद पाहिली. मामांच्या आणि त्यांच्या हातात फरक होता तो या दहा मिनिटांचाच, असं मी आजही मानतो.

त्यांचा हात आधी पावलाकडून वर लांब, सावकाश फिरायचा. मग कणीक मळावी तसे पोटरीचे स्नायू मळायच्या, शेवटी गाठ लागेल तिथे अंगठ्यानं बारीक घासायच्या. याला जगभर स्वीडिश मालीश म्हणतात. हाताच्या या ठरलेल्या चालींची घडी बसवण्याचं श्रेय मात्र एकोणिसाव्या शतकातले डच डॉक्टर योहान मेत्सगर यांना दिलं जातं. आखडलेला स्नायू सैल होतो, त्यामुळे दुखणं काही काळ उतरतं, झोप लागते, मनावरचा ताण कमी होतो. हा फायदा खरा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं 2017 साली नव्या कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन काढलं, त्यात गोळ्यांच्या आधी शेक आणि मालीश यांना जागा दिली आहे. पण मालीशचं काम स्नायूवर. सरकलेली गादी बोटांनी आत जात नाही, आणि "नस उतरवणं" म्हणून जे करतात त्यात नस कुठे चढलेलीच नसते.

तालमीतला रगडा खोल जातो. कुस्ती मारून आलेल्या, धडधाकट अंगाला तो मानवतो. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्याला, हाडं ठिसूळ झालेल्या म्हातारीला, गरोदर बाईला तो नको. घरातलं अभ्यंग सौम्य. कोमट तिळाचं तेल, जोर नाही, घाई नाही. वाग्भटानं अष्टांगहृदयात ते रोज करावं म्हटलंय, डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. आणि तिथेच, कफ वाढलेल्यानं, अजीर्ण असलेल्यानं करू नये असंही लिहिलंय. म्हणजे कधी थांबायचं ते आपल्या जुन्या शास्त्रातही आहे, आपण दिवाळीच्या पहाटेचं तेवढं लक्षात ठेवलं. निरगुडीच्या पाल्याची पोटली तव्यावर गरम करून शेकणं मला आजही फार बरं वाटतं. फक्त शेकणाऱ्यानं ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघावी. साखर असलेल्या माणसाचे तळपाय बधिर असू शकतात. चटका बसतो, त्याला कळत नाही, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही.

न्हाव्याच्या दुकानात मान कडकन मोडून घेऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्यानं त्यांचं अस्तर फाटू शकतं आणि धडधाकट माणसाला पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण तो कडकन आवाज घेऊन मिळवायचंय काय? बाळाला रोज तेल लावा, पण नाकाकानात तेलाचे थेंब सोडू नका आणि त्याची छाती पिळू नका. मालीशवाली बाई कितीही जुनी असो, आईनं तिचा हात धरावा.

गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याचा पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर चार दिवसांत त्याच पायाची पोटरी सुजली, गरम लागायला लागली, दाबली की दुखायची. घरच्यांनी तेल कोमट केलं होतं. बसून राहिल्यानं आलंय, चोळलं की उतरेल, असं सगळ्यांचं मत. मी वाटी उचलून चुलीमागे ठेवली. असा एकच पाय सुजला की आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दारातच जातो, हे मी फिजिओथेरपीच्या खाटेवर शिकलो होतो. सासूबाई रागावल्या. डॉप्लर तपासणीत गुठळी निघाली.

मामा मला बघायला आले होते, ऑपरेशननंतर महिन्याभरानं. बराच वेळ बोलले नाहीत. माझं पाऊल हातात घेऊन अंगठा वर उचलून बघत राहिले. मी त्यांना ताईंचे प्रश्न एकेक करून सांगितले आणि त्यांनी ते नातवाकडून वहीत लिहून घेतले. परवा गल्लीतल्या एकाची कंबर धरली तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी तेलाची बाटली पिशवीतच ठेवली, त्याच्या उशाशी बसले आणि विचारलं, "लघवी साफ होते ना रे? खरं सांग, लाजू नको."