मळ्यातला मुक्काम

मागच्या पौषात निवृत्त झालेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. तीन आठवडे संध्याकाळी कसकस, रात्री दरदरून घाम आणि कंबर धरलेली. मलेरिया नाही, टायफॉईड नाही. दोन वेळा मी नेहमीची औषधे देऊन त्यांना परत पाठवले होते, हे कबूल करतो. तिसऱ्या खेपेस विचारले, "मध्यंतरी कुठे गावी राहायला गेला होतात का?" तेव्हा कळले, की दिवाळीनंतर ते मित्राच्या मळ्यातील जुन्या वाड्यात आठ दिवस राहिले होते. रोज पहाटे गोठ्यात पेला धरून धारोष्ण दूध पीत होते. रक्त तपासले, तर ब्रुसेलोसिस निघाला.

हा जनावरांचा रोग. गाय गाभडते, पण एरवी धडधाकट दिसते आणि तिच्या दुधातून जंतू माणसात येतात. ताप कधी चढतो, कधी उतरतो. सांधे आणि कंबर दुखते. अंडकोषाला सूज येऊ शकते. औषधे सहसा दोन असतात आणि ती सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात. अर्धवट सोडली, तर दुखणे उलटते. धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे जुने आहे, पण चांगली उकळी आणलेले दूधच प्यावे. गोठ्याच्या मालकांनी चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस टोचून घ्यावी.

याचा अर्थ मळ्यात राहायला जाऊ नये, असा नव्हे. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ज्वारीचे वाणही काढले आहेत. तिथे रात्री खरा अंधार असतो आणि पहाटे खरा उजेड. त्यामुळे शरीरातील झोपेचे घड्याळ काही दिवसांत ताळ्यावर येते. मात्र नवख्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही. म्हणून एका रात्रीसाठी धावपळ करण्यापेक्षा तीन-चार रात्री तरी राहावे. मोबाईल वाड्याच्या कोनाड्यात ठेवावा, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

जुना वाडा पाहायला छान. पण दगडमातीच्या भिंतींना भेगा असतात, माळवदाला फटी असतात, कणगीजवळ उंदीर असतात आणि त्यांच्या मागे साप येतो. मला धास्ती मण्यारीची वाटते. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला मुकाट्याने चावते. सूज नाही, वेदना नाही, बहुधा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आवाज बदलतो, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचा हुरडा बाधला! त्या गैरसमजात गेलेला एक तास जिवावर बेततो. श्वासाचे स्नायूच लुळे पडू लागतात. अशा वेळी दोरी आवळू नये, चीर देऊ नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. हात किंवा पाय न हलवता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी आणि सापाच्या विषावरील लस व कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

ओसरीवर सतरंजी टाकून झोपण्याची हौस असेल, तरी खाट घ्या. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. रात्री परसाकडे जाताना बॅटरी न्या. सकाळी चपला झटकून घाला, कारण विंचवालाही त्या आवडतात. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर घरी थांबू नये. यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

आगटीभोवती बसले, की हुरड्याचा हिशेब राहत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी हुरडा भाकरीच्या ऐवजी खावा, भाकरीच्या जोडीला नव्हे; गूळ आणि रेवड्या शेजाऱ्याकडे सरकवाव्यात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात. परतल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता मळ्यात राहिल्याचे आणि दूध कसे प्यायलात तेही आधी सांगावे. आमचे ते गृहस्थ आता बरे आहेत. यंदा पुन्हा त्याच वाड्यात जाणार म्हणतात, सोबत दूध तापवायचे पातेले घेऊन.