गरोदरपणातली साखर आणि झाडपाल्याचा काढा

गरोदरपणात साखर वाढली की वस्तीत पहिला सल्ला शेजारणीचा असतो. कारल्याचा रस घे, दारूहळद उकळून पी. फुलेनगरला, गंजमाळला आम्ही फिरतो तेव्हा इंजेक्शन सोडून काढा धरलेल्या लेकी भेटतात. “झाडपालाच तो, त्याने काय अपाय होणार?”

झाडपाल्यात औषध असतं, हे खरंच आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घ्या. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातल्या गॅलेजिनने साखर उतरते हे कळलं, पण ते विषारी निघालं. हे झुडूप खाऊन मेंढ्यासुद्धा मरतात. मग त्याच्याच जातीचं सौम्य द्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचा त्याचा गुण जगापुढे मांडला. कितीने गुण येतो आणि कितीने अपाय होतो, हे मोजण्यात वर्षं जातात. काढ्याच्या पेल्यात हे माप कोणी घातलेलं नसतं.

दारूहळदीत बर्बेरिन असतं. त्याने साखर उतरते असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि नवजात बाळाची कावीळ वाढवू शकतं. कावीळ फार चढली तर मेंदूला इजा होते. म्हणून गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते घ्यायचं नाही. कारल्याच्या बियांतल्या द्रव्याने उंदरांचे गर्भ पडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. ताटातली कारल्याची, मेथीची भाजी खुशाल खा. रोजचा पेलाभर रस नको. इन्सुलिनवर वरून असा रस घेतला तर साखर एकदम खाली येऊन चक्करही येऊ शकते.

“अमकीला काढ्यानेच गुण आला” असं सांगतात. अहो, बाळंतपणानंतर ही साखर बहुतेकींची आपसूक उतरते!

नाव नोंदवतानाच तपासणी मागून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी जायची गरज नाही. साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायचं. “मी तर बारीक, मला कुठली साखर?” असं म्हणू नका, आपल्याकडे बारीक बायकांनाही ती होते. आधी दोन आठवडे आहार सांभाळायचा आणि चालायचं. जेवणानंतर दोन तासांनी साखर तरीही १२० किंवा वर राहिली, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिनची सवय लागते ही भीती काढून टाका. ते वारेतून बाळाकडे जात नाही, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं.

काढा आधीच सुरू असेल तर लपवू नका, सिस्टरला सांगा. आणि बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या लसीच्या वेळी स्वतःचीही साखर पुन्हा तपासून घ्या.