श्वासनळीवर जाळी बसवण्याआधी

लहान कुत्रा खोकायला लागला की आमच्या मुक्ताईनगरात पहिला प्रश्न ठरलेला: घशात हाड तर नाही अडकलं? आमच्या बिट्टूबद्दलही सगळे हेच म्हणाले. नऊ वर्षांचा पॉमेरेनियन. दारात कुणी आलं की नाचायचा, मग मान पुढे ताणून बदकाच्या ओरडण्यासारखा खोकायचा. शेवटी उबळ यायची, बाहेर मात्र काहीच पडायचं नाही.

पण दुखणं निघालं श्वासनळीचं. ही नळी उघडी राहते ती कूर्चेच्या कड्यांमुळे. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, पग अशा छोट्या जातींत त्या मऊ पडतात आणि नळी चपटी होते. मानेतला भाग श्वास घेताना दबतो, छातीतला सोडताना. त्यामुळे एकाच एक्स-रेवर भागत नाही. बिट्टूच्या पहिल्या फिल्ममध्ये नळी धड दिसली होती. श्वास घेताना एक आणि सोडताना एक, असे दोन एक्स-रे मागून घ्या. ऑपरेशनचा विचार असेल तर दुर्बिणीची किंवा फ्लुरोस्कोपीची तपासणीही लागते.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पोरांनी जाळीचा, म्हणजे स्टेंटचा, हट्ट धरला. डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं, ते फार बरं झालं. ऑपरेशनचे मार्ग दोन. एकात मान उघडून नळीच्या बाहेरून प्लॅस्टिकच्या कड्या टाके घालून बसवतात. हे प्रामुख्याने मानेतल्या भागासाठी. स्वरयंत्राची नस नळीला लागूनच जाते. तिला इजा झाली तर स्वरयंत्र लुळं पडून श्वासच कोंडतो. दुसरा मार्ग स्टेंटचा. निटिनॉल धातूची जाळीदार नळी तोंडावाटे आत सोडतात, चिरफाड होत नाही, छातीतल्या भागालाही चालते. श्वास लगेच मोकळा होतो, पण खोकला जाईलच असं नाही. खोकून खोकून जाळी तुटते, सरकते, आत मांस वाढतं, आणि एकदा बसली की काढणं महाकठीण. मूळ कूर्चा दोन्हींत मऊच राहते, औषधं चालूच राहतात.

म्हणून आधी वजन. बिट्टूच्या पोळी-तुपाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर नाही म्हणणं सगळ्यात अवघड गेलं, पण वजन उतरलं तसा खोकला निम्म्यावर आला. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घातला. अगरबत्ती बंद केली. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो आणि त्या धापांनीच नळी दबते, म्हणून दुपारी कूलरसमोरच ठेवायचं. खोकला दाबणारी औषधं डॉक्टरांनी दिलेलीच द्या. आपलं सिरप पाजू नका. काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष आहे.

एवढं सगळं नेटाने करूनही श्वास पुरत नसेल, तर मात्र ऑपरेशन टाळत बसू नये. मलकापूर, खामगाव ओलांडलं की अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे. उलट दिशेला, मुंबईत, परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. निघण्याआधी फोन करून विचारा: स्टेंट इथे बसवता का, आतापर्यंत किती बसवलेत, तुटला तर पुढे काय?

जीभ-हिरड्या निळ्या पडल्या तर लांबचा प्रवास करू नका. कुत्र्याला थंड जागी शांत ठेवा आणि ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना गाठा. त्याचा नंबर आजच लिहून ठेवा.