दर राहू द्या, मोजता काय ते सांगा

आमच्या घरात लँडलाइन अजून चालू आहे. उज्जैनचा ०७३४ कोड, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं तिपाईवरचं यंत्र, खाली विणलेला रुमाल, सगळं जागच्या जागी. इंदूरचे पाहुणे आले की विचारतात, "अजून ठेवलाय होय?" ठेवलाय. माझी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे आलेलं बिल न वाचता भरणं मला जमत नाही. आणि टेलिफोनच्या बिलाइतकं वाचनीय बिल दुसरं नाही. विजेचा दर वाढला की सरळ वाढतो. टेलिफोनवाले दर कमी करतात आणि तरी आपण जास्त भरतो! फ्रीगंज, क्षीरसागर, सिंहपुरी भागातली आपली मराठी मंडळी वर्षानुवर्षं बिलं घेऊन येत राहिली, "काका, हे जरा बघा ना" म्हणत. त्यातून जे उमजलं ते मांडतो. क्रमाला फारसा अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. दर उतरला की मोजमाप तपासा

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ साली स्थापन झालं आणि मार्च १९९९ मध्ये त्याचा पहिला मोठा दर-आदेश निघाला. एसटीडीचा सगळ्यात महाग दर मिनिटाला ३७ रुपये ५० पैशांवरून ३० रुपयांवर आला. जो तो तेवढंच बोलत होता. त्याच आदेशात लोकल कॉलचा पल्स पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आला होता, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चार मिनिटांचं बोलणं काल एक युनिट होतं, ते आज दोन झालं. वर भाडं वाढलं ते वेगळंच. ज्यांचं सगळं गणगोत उज्जैनमध्येच, फोन लावायचा तो फार तर दौलतगंजातून फ्रीगंजात, त्यांना स्वस्त एसटीडीचा उपयोग शून्य. बिलं वाढली तशी लोक खिडकीवर जाऊन भांडू लागले. आतून उत्तर ठरलेलं, "रेट तो वही है बाबूजी, पल्स बदल गई है।"

आणि ते खरंच होतं, लबाडी नव्हती. लांबच्या कॉलवर भरपूर पैसे घ्यायचे आणि त्यातून लोकल स्वस्त ठेवायचा, अशी दूरसंचार खात्याची जुनी रीत होती. खासगी कंपन्या आल्यावर ती टिकणार नव्हती. त्या आल्याही आपल्याच अंगणात. देशातली पहिली खासगी लँडलाइन सेवा भारती टेलिनेटने १९९८ साली सुरू केली ती इंदूरला. दिल्ली-मुंबईच्या आधी आपल्या माळव्यात, हे आजही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तेव्हाच्या बिलावर दोन आकडे छापलेले असत, मीटरचं सुरुवातीचं वाचन आणि शेवटचं. वजाबाकी करायची, फुकट कॉल काढायचे, उरलेल्याला दराने गुणायचं. मी ते पेन्सिलीने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करत असे. या वजाबाकीत एक मात्र कळत नसे. त्या आकड्यात तुम्ही कुणाशी बोललात ते नव्हतं. हजार किलोमीटरपलीकडचा दिवसाचा एसटीडी कॉल असेल तर दर दोन सेकंदांना एक युनिट पडत असे, आणि शेजाऱ्याला केलेला फोनही युनिटच. दोन्ही एकाच मीटरमध्ये जाऊन मिसळायचे.

२. घड्याळ हे मोजमापातलंच एक माप

ज्यांनी पाव दराचा काळ पाहिला नाही त्यांना हे सांगून पटत नाही. दिवसा पूर्ण दर. संध्याकाळी सातनंतर अर्धा, साडेआठनंतर तिसरा हिस्सा, रात्री अकरानंतर पाव. पुण्याची आत्या आणि आमच्या आईचं बोलणं त्यामुळे कायम अकराच्या पुढे. आई दहालाच पेंगायला लागे, पण झोपायची नाही. आत्याचा फोन आला की पहिलं वाक्य "झोपली नव्हतीस ना?" आणि मग एका दमात सगळ्यांची खुशाली, सोयरीक, गुडघे.

ज्यांच्याकडे फोन नव्हता ते देवास गेटच्या एसटीडी-पीसीओवर रांगेत उभे राहत. काचेच्या खोपट्यात माणूस बोलतोय आणि त्याच्या डोळ्यांसमोर तांबडे आकडे पळताहेत, रुपये-पैसे सरकताहेत. त्या आकड्यांकडे बघत बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष बोलण्यात नसायचंच. वाक्य अर्धवट सोडून फोन ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, पुढचं युनिट पडू नये म्हणून. बाहेर आल्यावर छोट्या यंत्रातून चिठ्ठी निघे; ती तपासून, घडी घालून खिशात. ग्राहकाला मिळालेलं हे पहिलं तपशीलवार बिल, असं माझं मत आहे. नंबर, वेळ, सेकंद, रक्कम, सगळं त्या बोटभर कागदावर. घरच्या फोनधारकाला असा तपशील मिळायला पुढे बराच काळ जावा लागला.

घरी फोन असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. लग्नपत्रिकेवर आमचा नंबर तीन-चार घरांच्या नावापुढे "पी. पी." म्हणून छापलेला असे. बोलावणं पाठवायचं, माणूस धावत यायचा, तोवर तिकडच्याचं मीटर चालू. फोनशेजारी वही आणि डबा. वहीत कोणी कुठे किती वेळ बोललं ते लिहायचं, डब्यात पैसे. पैसे टाकणारे बहुतेक प्रामाणिक. वेळ लिहिणारे तितके नव्हते.

३. अंतर मोजणं बंद झालं ते २००६ ला

त्याआधी थोडी सूट मिळाली होती. २००१ पासून आपल्याच परिमंडळात दोनशे किलोमीटरच्या आतला फोन लावायला शून्याऐवजी ९५ फिरवायचं, म्हणजे इंदूरला ९५७३१. दर खूपच कमी. पण सवयीने ० लावणारे लावत राहिले. १ मार्च २००६ ला बीएसएनएलची वन इंडिया योजना आली, देशात कुठेही रुपयात एक मिनिट. पुणे, नागपूर, ग्वाल्हेर सगळे एका भावात. फक्त ती योजना घ्यायची तर भाडं जास्त होतं. महिन्याला दोनदा पुण्याला बोलणाऱ्याने ती घेण्यात काही अर्थ नव्हता, तरी निम्म्या गावाने घेतली. अशा वेळी मी एकच विचारत असे, मागच्या तीन बिलांत एसटीडी किती आहे? बहुतेकांना सांगता येत नसे. एसटीडी किती, लोकल किती, मोबाइलला किती, हे तीन आकडे माहीत नसताना योजना बदलू नये.

४. फोन दुसऱ्याने घेतला तरी बिल आपलं वाढू शकतं

२००३ च्या आधी मोबाइलवर फोन आला तर त्याचे पैसे मोबाइलवाला भरायचा. १ मे २००३ पासून लावणाऱ्याने भरायचे असं ठरलं. मोबाइलवाल्यांची दिवाळी झाली. आमच्या पुतण्याने त्याच पावसाळ्यात मोबाइल घेतला, घरचा फोन काढून टाकला, आणि त्याच्याशी बोलण्याचा खर्च माझ्या बिलात आला. लोकल लँडलाइनला तीन मिनिटांचा पल्स, मोबाइलला त्याहून लहान. माझ्या बोलण्यात काहीच फरक पडला नव्हता. समोरच्या टोकाला काय आहे हेही मोजलं जातं, हे तेव्हा कळलं.

आमचे न्यू जर्सीचे नातेवाईक यायचे तेव्हा त्यांना हे सगळं अजब वाटे. तिकडे ठरावीक भाडं भरलं की घरच्या फोनवरून लोकल कितीही बोला, ही पद्धत जुनीच. आपल्याकडे डायल-अप इंटरनेट लावून बसलं की फोनचे लोकल युनिटही आत पडत राहायचे, ते पाहून त्यांच्या मुलाने कॉम्प्युटर स्वतःहून बंद केल्याचं आठवतं.

५. सवलत मिळाली तर वापरा, पण तिच्यावर घर बांधू नका

१ मे २०१५ पासून बीएसएनएलने लँडलाइनवरून रात्री नऊ ते सकाळी सात देशभर कुठल्याही फोनवर बोलणं फुकट केलं. पुढच्याच वर्षी सिंहस्थ. २२ एप्रिल ते २१ मे घरात महाराष्ट्रातून आलेल्यांचा मेळा. त्यांच्या मोबाइलवर मध्य प्रदेशात रोमिंग लागायचं, आणि शाही स्नानाच्या आसपास गर्दीत नेटवर्क लागत नसे ते वेगळं. लँडलाइन मात्र ठणठणीत. नऊचा ठोका पडला की तिपाईभोवती रांग. सांगलीच्या काकू पोराला रामघाटाचं वर्णन सांगताहेत, मागे दोघं हातात चिठ्ठीवर नंबर लिहून उभे. मी खुर्ची टाकून दिली. त्या महिन्याच्या बिलात कॉलची रक्कम नेहमीएवढीच होती.

सिंहस्थानंतर ऑगस्टमध्ये रविवारही पूर्ण फुकट झाला. २०१८ च्या सुरुवातीला रात्रीची वेळ साडेदहा ते सहा अशी आक्रसली आणि १ फेब्रुवारीपासून रविवारची सवलत गेली. ज्यांनी सवलतीच्या भरवशावर कमी भाड्याची योजना घेतली होती ते नऊ वाजता सवयीने फोन लावत राहिले आणि बिल आल्यावर चकित झाले. सवलत सुरू झाल्याची जाहिरात सगळे वाचतात. ती संपल्याची नोटीस शोधावी लागते.

ट्रायचा एक नियम यात कामाचा आहे. एखादी योजना घेतल्यापासून सहा महिने तिच्यातला कुठलाही दर तुमच्यासाठी वाढवता येत नाही. योजना घेतल्याची तारीख लिहून ठेवावी, ती यासाठी.

६. कर वेगळा मोजा

१ जुलै १९९४ ला देशात सेवाकर सुरू झाला तो तीनच सेवांवर, त्यातली एक टेलिफोन. तेव्हा ५ टक्के होता, आता जीएसटी १८ टक्के. योजनेच्या जाहिरातीत आकडा बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. एवढंच.

७. वाद असेल तर भरा, पण लिहून भरा

अवाच्या सवा बिल आलं तर खिडकीवर आवाज चढवून काही होत नाही. खात्याची पद्धत अशी होती की जास्त मीटरिंगची लेखी तक्रार केली की चौकशी होईपर्यंत मागच्या बिलांची सरासरी आणि वर १० टक्के एवढं भरून फोन चालू ठेवता यायचा. हे कुणी आपणहून सांगत नसे, मागावं लागे. आजही तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पुढे ग्राहक आयोग. मधली काही वर्षं हा दरवाजा जवळपास बंद होता, कारण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन बिलाचा वाद टेलिग्राफ कायद्याखालच्या लवादाकडेच जावा असं म्हटलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगाकडे जाता येतं असा निर्वाळा दिला. ते प्रकरण होतं महिन्याला सरासरी ५५५ रुपये भरणाऱ्या एका ग्राहकाला आलेल्या २४ हजार रुपयांवरच्या बिलाचं.

आमच्या ओळखीच्या एका आजींच्या बिलात न मागितलेल्या सेवेचे पैसे दर महिन्याला लागत होते. कंपनीचं नाव घेत नाही. आजी म्हणायच्या, "असेल काहीतरी, तीस रुपयांसाठी कुठे भांडायचं?" त्यांच्या नातवाने लेखी तक्रार करून पैसे परत मिळवले. तीस रुपये एका घराचे असतात. कंपनीकडे घरं किती असतात ते धरा.

८. फायबर घेतलात तर इन्व्हर्टर पण मोजा

तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, ४८ व्होल्ट, त्याच तारेतून. घरात अंधार असला तरी डायल टोन हजर. फायबरवर तोच जुना नंबर मिळतो, बोलणं कितीही, बिलात कॉलचा हिशेबच नाही. पण मोडेम आपल्या विजेवर चालतो. लाइट गेली की फोन गेला. आणि आता मोजतात ते जीबी. ठरलेली मर्यादा संपली की वेग मंदावतो. म्हणजे मोजमाप गेलेलं नाही, जागा बदलून बसलं आहे.

घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर छोटा यूपीएस घेऊन द्या, किंवा मोबाइल चार्ज करून ठेवायची सवय लावा. बाकी मला फायबरबद्दल तक्रार नाही. आवाज स्वच्छ येतो.

९. कनेक्शन बंद करताना डिपॉझिट मागा

फोन घेताना भरलेली अनामत वर्षानुवर्षं तिकडे पडून असते. बंद करायचा अर्ज दिल्यावर ठरलेल्या मुदतीत ती परत करणं सेवा देणाऱ्याला नियमाने बंधनकारक आहे, पण अर्जात स्पष्ट लिहिलं नाही तर ती फाइल हलत नाही असा माझा अनुभव. यंत्र परत केल्याची पोच घ्या, शेवटचं बिल भरल्याची पावती जोडा, बँकेचा खाते क्रमांक द्या. वडिलांच्या नावावरचा फोन असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर रक्कम निघायला वारसाचे कागद लागतात. जुन्या ट्रंकेत, पासबुकाच्या घडीत कुठे ती पिवळी पडलेली डिपॉझिटची पावती असेल, तर या रविवारी शोधून ठेवा.