गावकामाचा पैसा: मुद्दल मोडायचं नाही



अमेरिकेतलं आयोवा हे मका-सोयाबीनचं राज्य. तिथं ९९ काउंट्या, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखे भाग. ज्या काउंटीत कॅसिनो नाही, तिथल्या लोकनिधी संस्थेला राज्य सरकार कॅसिनोच्या करातला थोडा हिस्सा देतं. त्याची वाटणी अशी:

▪ ७५ टक्के गावकामांना: वाचनालय, अग्निशमन दल, बगीचा
▪ २५ टक्के कायम ठेव. मुद्दलाला हात नाही, फक्त उत्पन्न वापरायचं

अर्ज गावातल्या संस्था करतात, निवड स्थानिक मंडळी करतात. एखाद्या वर्षी कर कमी आला तरी ठेवीचं उत्पन्न हाताशी राहतं.

*आपल्याकडे काय?*
उत्पादक कंपनीला कायद्याने राखीव निधी ठेवावाच लागतो. शिवाय विशेष ठराव करून मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या ३ टक्क्यांपर्यंत रक्कम लोकहिताला देता येते. नफा १० लाख असेल तर ३० हजार.

बोनस जास्त वाटावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण राखीव कमी पडला आणि वादळात गोदामाचे पत्रे उडाले, तर पुन्हा कर्जच काढावं लागेल.

वार्षिक सभेला येताना तीन गोष्टी लिहून आणा: काम कोणतं, खर्च किती, नंतर देखभाल कोण करणार.

– संचालक मंडळ